धरणाच्या बुडीत क्षेत्राचे पुरातत्त्वीय सर्वेक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पाटबंधारे खात्यातले अभियंते, बुडीत गावांतले ग्रामस्थ, पुनर्वसनाचे काम करणारे कार्यकर्ते आणि पुरातत्त्वाचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्र, गोवा आणि कृष्णा खोऱ्यातली आहेत. माती आणि महसुली दप्तर वेगळे असेल तिथे तपशील बदलतील.

सर्वेक्षण नेमके केव्हा सुरू करायचे?

घळभरणी म्हणजे नदीपात्रातला धरणाचा शेवटचा भाग भरून प्रवाह अडवणे; त्या वर्षापासून उलटे मोजा. घळभरणी झाली की पुढच्याच पावसाळ्यात पाणी साठू लागते, म्हणून हाताशी कोरडे हंगाम किती आहेत एवढाच हिशोब कामाचा. किमान चार हवेत. पहिला दप्तर तपासण्यात आणि पायी पाहणीत जातो, दुसरा चाचणी खड्ड्यांत, तिसरा-चौथा निवडक स्थळांच्या उत्खननात. मंदिर हलवायचे असेल तर चार पुरत नाहीत. मंजुरी ऑक्टोबरऐवजी मार्चमध्ये हाती पडली, तर खोदाईचा तो हंगाम जवळपास गेलाच म्हणून समजा.

मात्र पुष्कळ नुकसान पाणी येण्याआधीच झालेले असते. मातीच्या धरणाला गाभ्यासाठी काळी चिकण माती लागते आणि बाहेरच्या अंगाला मुरूम; कामावर यांनाच हार्टिंग आणि केसिंग म्हणतात. ही माती शक्यतो बुडीत क्षेत्रातूनच उचलली जाते, कारण जमीन संपादित झालेलीच असते आणि डंपरच्या फेऱ्या जवळच्या पडतात. नदीकाठच्या ज्या सपाट थडीवर ही माती जाड असते, त्याच थडीवर जुन्या वस्त्याही असतात. त्यामुळे पहिले पाणी अडण्याच्या कितीतरी आधी पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखट मातीची, टेकडी धरणाच्या भिंतीत जाऊन बसते. सर्वेक्षणाचा क्रम म्हणूनच असा ठेवावा: आधी बॉरो एरिया (धरणासाठी माती उचलण्याची जागा), मग धरणाची रेषा आणि सांडवा, मग पुनर्वसनाची नवी गावठाणे, आणि शेवटी उरलेले बुडीत क्षेत्र. निविदेत बॉरो एरियाचे नकाशे असतात. ते पहिल्याच दिवशी मागून घ्या.

पूर्ण संचय पातळीपर्यंत पाहणी केली की पुरे ना?

पुरत नाही. पूर्ण संचय पातळी ही शांत पाण्याची रेषा आहे. पुराच्या वेळी पाणी महत्तम पातळीपर्यंत चढते, आणि जलाशयाच्या शेपटाकडे नदीचा पृष्ठभाग उताराचा असल्याने फुगवटा त्याहीपेक्षा वर जातो. काठावर लाटा दरड खातात ते वेगळेच. महत्तम पातळीच्या वर उभ्या उंचीने निदान पाच मीटरची पट्टी धरावी, आणि जमीन अगदी सपाट असेल तर आडव्या अंतराने अर्धा किलोमीटर.

याशिवाय कालवे, वितरिका, खडी-मुरुमाच्या खाणी, वसाहत, वळवलेले रस्ते. विदर्भातली शिळावर्तुळे हे इथले ठळक उदाहरण. नागपूरजवळच्या जुनापाणीसारखी ही महापाषाणीय दफनस्थळे बहुधा माळाच्या मुरमाड, पडीक जमिनीवर असतात. पाणी तिथवर पोचत नाही, पण मुरुमाची खाण पोचते.

शेतात उतरण्याआधी कोणते कागद पाहायचे?

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा स्थलदर्शक नकाशा लागतोच, पण त्याच्या समोच्च रेषा सहसा २० मीटरच्या अंतराने असतात. दोन-तीन मीटर उंचीची वस्तीची टेकडी त्यात दिसतच नाही. प्रकल्पाच्या स्वतःच्या सर्वेक्षणात एक-दोन मीटरच्या रेषा असतात. तो नकाशा जास्त उपयोगी.

मग महसुली दप्तर. गाव नकाशावर ओसाड किंवा बेचिराख म्हणून नोंदलेली गावे, विदर्भात ‘रिठी’ गावे, जुने गावठाण, इनाम जमिनी, देवस्थानच्या जमिनी. शेतांची नावेही विचारा: पांढरी, गढीचा माळ, खापऱ्याचे शेत, किल्ल्याचा वावर. सात-बारावर ही नावे नसतात, तोंडी असतात. तलाठ्यापेक्षा मेंढपाळ आणि विहिरी खोदणारे गडी अधिक नेमके सांगतात, आणि संपादनाचा मोबदला वाटून गाव पांगले की ही माणसे परत एका जागी सापडत नाहीत.

धरण आधीच बांधलेले असेल आणि बुडालेला भूभाग समजून घ्यायचा असेल, तर १९६० च्या दशकातली ‘कोरोना’ या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे पाहावीत. ती १९९५ मध्ये खुली झाली. उजनी आणि जायकवाडी भरण्याआधीच्या काळातली आहेत, हे त्यांचे मोल.

पायी पाहणी कशी करतात? किती दिवस लागतात?

पाच जण २५ मीटरच्या अंतराने एका ओळीत चालतात. म्हणजे एका फेरीत १२५ मीटर रुंदीची पट्टी पाहून होते. एक किलोमीटर चालले की साडेबारा हेक्टर. थांबणे, मोजणे, फोटो, बांध ओलांडणे हे सगळे धरून दिवसाला ३०-४० हेक्टर होतात. दोन हजार हेक्टरच्या बुडीत क्षेत्राला एका चमूचे ५० ते ६५ दिवस. यापेक्षा फार कमी दिवसांत झालेले ‘संपूर्ण सर्वेक्षण’ जीपमधून झाले असावे, असे खुशाल समजावे.

एखाद्या जागी खापरे दाट दिसली की अंतर पाच मीटरवर आणतात आणि पसारा कुठे विरतो ती कड चारही बाजूंनी मापतात. नोंदीत अक्षांश-रेखांश, गट नंबर, मातीचा प्रकार, पीक, जमीन किती टक्के उघडी दिसत होती, आणि खापरांची संख्या. जमीन किती दिसत होती हा रकाना लोक सोडून देतात, आणि तिथेच अहवाल फसतो: उभ्या उसात काही दिसले नाही आणि नांगरटीत काही दिसले नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऊस असलेले गट वेगळ्या रंगाने दाखवून तोडणीनंतर परत पाहावेत.

पायी पाहणीचा हंगाम रब्बीची काढणी झाल्यापासून वळवाच्या पावसापर्यंतचा. एखादी सर पडून गेल्यावर धुतलेली खापरे उठून दिसतात, पण काळ्या रानात त्यानंतर दोन दिवस पाय टाकता येत नाही.

साध्या मोबाइलची जागा मोकळ्या आभाळाखाली तीन ते पाच मीटरने चुकते. पाहणीला ते चालते. चाचणी खड्ड्यांचे कोपरे आणि उंची मात्र डीजीपीएस किंवा टोटल स्टेशन या अचूक मोजणीच्या यंत्राने, धरणाच्याच बेंचमार्कशी (उंचीच्या पक्क्या खुणेशी) जोडून घ्यावी. उंची वेगळ्या आधारावर घेतली, तर स्थळ पाण्याखाली जाणार की काठावर राहणार हेच सांगता येत नाही.

शेतात खापरे सापडली, म्हणजे तिथे वस्ती होतीच का?

नाही. खापरे दोन वाटांनी बाहेरून येतात. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पांढरीची राखट माती खत म्हणून शेतात टाकत आले आहेत, आणि तिच्यासोबत खापरेही गेली आहेत. दुसरी वाट अलीकडची: धरणा-तलावांतला गाळ काढून शेतात पसरणे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने हे प्रमाण वाढले. म्हणून प्रत्येक गटाच्या मालकाला एक प्रश्न हमखास विचारा: इथे बाहेरची माती किंवा गाळ टाकला आहे का, आणि कुठून आणला?

मूळ वस्तीची खूण म्हणजे खापरांबरोबर राखट पांढुरकी माती, जनावरांची हाडे, जळक्या मातीचे गोळे, पाटे-वरवंट्यांचे तुकडे हे सगळे एकत्र सापडणे. तांबे-दगड दोन्ही वापरणाऱ्या ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे संस्कृतीचे खापर लाल पृष्ठभागावर काळ्या नक्षीचे, चांगले भाजलेले असते आणि टिचकी मारली की खणखणते. सातवाहन काळाच्या वस्तीत काळी-तांबडी भांडी आणि मोठ्या आकाराच्या विटा मिळतात. सगळी खापरे गोळा करू नका. काठ, बूड, नक्षी असलेले तुकडे घ्या. बाकीचे मोजून तिथेच ठेवा. पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर. आतली प्लास्टिकची, कारण कागदाची चिठ्ठी गोदामात ओल आणि वाळवी खाते. मग पिशवी कुठली हे कोणालाच कळत नाही.

जमिनीवर काहीच दिसत नसेल तर?

तर दरडी पाहा. नदीने, ओढ्याने किंवा विहिरीने कापलेला उभा छेद म्हणजे फुकटचा चर. अश्मयुगीन हत्यारे बहुधा गोट्यांच्या, वाळूच्या थरात असतात आणि त्यावर कित्येक मीटर गाळाची माती बसलेली असते. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारे अशाच नदीकाठच्या थरांत मिळाली. वाळूउपसा चालू असलेली जागा दिसली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

ड्रोन, जीपीआर, मॅग्नेटोमीटर ही यंत्रे वापरली की खोदाई वाचेल का?

दख्खनच्या पठारावर फारशी नाही. जमिनीत रेडिओ लहरी सोडणारे जीपीआर ओलसर चिकण मातीत काही वीत खोलीवरच आंधळे होते, कारण अशी माती वीज चांगली वाहते आणि लहर शोषून घेते. जमिनीतले चुंबकीय फरक मोजणाऱ्या मॅग्नेटोमीटरची अडचण वेगळी. इथला काळा बेसाल्ट मुळातच चुंबकीय आहे. शेतातला प्रत्येक धोंडा भट्टीसारखा उमटतो. वाळूमिश्रित गाळाच्या थडीवर दोन्ही बऱ्यापैकी चालतात. यंत्र आणण्याआधी ज्ञात स्थळावर अर्धा दिवस चाचणी घ्या.

ड्रोन मात्र उपयोगी आहे. सकाळच्या तिरप्या उन्हातले फोटो आणि त्यावरून काढलेला उंचीचा नकाशा गढीची तटबंदी, जुने बांध, बुजलेली बारव स्पष्ट दाखवतो. धरणस्थळी उडवण्याची परवानगी आधी घ्यावी लागते. दाट जंगलात झाडीखालची जमीन लेसरने मोजणारा लायडार लागतो, आणि तो खर्चिक आहे.

चाचणी खड्डा किती मोठा आणि किती खोल?

नुसता थरांचा क्रम पाहायचा असेल तर १×१ मीटर, दोन मीटरपेक्षा खोल जायचे असेल तर २×२. खाली अस्पर्शित माती किंवा मुरूम लागेपर्यंत जायचे. थर स्पष्ट असतील तर थरानुसार, नसतील तर १० सेंटिमीटरचे टप्पे. सगळी माती ५ मिलिमीटरच्या चाळणीतून. राखेचे खड्डे आणि चुलींची माती पिशवीत भरून पाण्यात तरंगवतात आणि वर आलेले जळके दाणे बारीक जाळीवर धरतात. ज्वारी-बाजरी की गहू-जव, हे यातूनच कळते.

काळ्या मातीचा एक दगा लक्षात ठेवा. उन्हाळ्यात तिला मीटरभर खोल भेगा पडतात, वरचा माल त्यात घरंगळतो, पावसात भेगा मिटतात. ८० सेंटिमीटरवर प्लास्टिकची बांगडी सापडली, म्हणून लगेच कोणी जागा उकरली होती असे नसते. उलट वरच्या मीटरभरात सापडलेल्या एका-दोन वस्तूंवर कालनिर्णय करू नये.

कोळशाचा नमुना हाताने उचलत नाहीत. स्वच्छ पात्याने काढून अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळायचा, कापूस वापरायचा नाही. मातीचे वय प्रकाशीय पद्धतीने काढायचे असेल, तर लोखंडी नळी छेदात ठोकून दोन्ही तोंडे अंधारात बंद करतात. क्षणभर ऊन लागले तरी नमुना वाया.

दीड मीटरच्या खाली गेलात की बाजूंना पायऱ्या द्या किंवा फळ्या लावा. उपसलेली माती कडेपासून निदान मीटरभर लांब टाका. वळवाच्या पावसानंतर काळ्या मातीची भिंत काहीही चाहूल न देता बसते. छेदाचे रेखाटन त्या दिवशी राहिले तरी चालेल, माणूस खड्ड्यात उतरवू नका. काम संपले की तळाला प्लास्टिक अंथरून खड्डा बुजवायचा, म्हणजे पुढे कोणी खोदले तर जुन्या खड्ड्याची हद्द कळते. जमीन अजून कसली जात असेल, तर पिकाची भरपाई अंदाजपत्रकात धरलेली हवी.

सगळी स्थळे खोदणे शक्य नसते. मग निवड कशी करायची?

भारतातला सगळ्यात मोठा धडा नागार्जुनकोंड्याचा. आंध्रातले हे खोरे म्हणजे इक्ष्वाकूंची राजधानी विजयपुरी. नागार्जुनसागर धरण ठरल्यावर १९५४ ते १९६० या काळात आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने पूर्ण खोरे एक स्थळ मानून खोदले. आधी लक्ष फक्त स्तूप-विहारांवर होते. या वेळी अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचे थर, घाट, राहती घरे, अगदी प्रेक्षागारही नोंदले गेले. निवडक नऊ वास्तू टेकडीवर पुन्हा उभारल्या, काहींच्या छोट्या प्रतिकृती केल्या. ती टेकडी आज जलाशयातले बेट आहे आणि संग्रहालय तिच्यावर आहे.

एवढा निधी प्रत्येक धरणाला मिळणार नाही. निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात: हे स्थळ खोऱ्यात एकमेव प्रकारचे आहे का, थर शाबूत आहेत का, आणि जलाशयात ते कुठल्या पातळीवर येते. तिसरी गोष्ट बहुतेक अहवालांत नसते, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. कारण पुढच्या उत्तरात आहे.

देवळे आणि किल्ले लोकांच्या डोळ्यांत भरतात, म्हणून पैसा तिकडे जातो. चाळीस मातीच्या घरांची एखादी ताम्रपाषाणयुगीन वस्ती कोणी मागत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ अशी सलग वर्षे खोदाई झाली, म्हणून त्या काळची घरे, पिके आणि घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली मुले यांची माहिती मिळाली. एका हंगामात यातले फार थोडे हाती लागले असते.

पाण्याखाली गेले म्हणजे गाळात सुरक्षित राहील, असे म्हणतात. खरे आहे का?

खोल तळाशी, मृत साठ्याच्या (दारांच्या खालचे, सोडता न येणारे पाणी) पातळीखाली, काही अंशी खरे. तिथे लाटा नसतात आणि गाळ चढत जातो. मातीच्या भिंती आणि कच्च्या विटा मात्र तिथेही विरघळतात.

मृत साठ्याची पातळी आणि पूर्ण संचय पातळी यांच्यामधला पट्टा सर्वांत वाईट. तो दरवर्षी बुडतो आणि उघडा पडतो. पाणी उतरताना लाटा एकेक पायरी कापत खाली येतात, बारीक माती वाहून जाते आणि निरनिराळ्या काळांची खापरे एकाच पातळीवर येऊन पडतात. मग उन्हाने भेगा, गुरे, उघड्या गाळातली पेरणी, आणि मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारे. भीमेवरच्या उजनीत मृत साठाच सुमारे ६३ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली, बातम्यांच्या भाषेत ‘उणे’त जाते. पळसदेवचे पळसनाथ मंदिर तेव्हा उघडे पडते आणि लोक बघायला लोटतात. दगडी बांधणी म्हणून ते उभे आहे. भोवतालच्या वस्तीचे थर तसे टिकत नाहीत.

म्हणून उत्खननाचा पैसा या मधल्या पट्ट्यातल्या स्थळांवर आधी लावावा. ज्यांना खोदणे जमणार नाही, त्यांच्यावर जिओटेक्स्टाइल (मातीवर अंथरायचे कृत्रिम कापड), वाळू, मुरूम आणि वर धरणाच्या उतारावर करतात तसे दगडी पिचिंग, असे आवरण देता येते. ते घळभरणीपूर्वी, कोरड्यात करायचे काम आहे.

मंदिर हलवणे कितपत शक्य आहे?

शक्य आहे, महाग आहे, आणि त्यात घाई चालत नाही. गोव्यात साळावली धरणामुळे कुर्डीचे महादेव मंदिर दगडन्‌दगड सोडवून सुमारे १७ किलोमीटरवर पुन्हा उभारले. कामाला ११ वर्षे लागली. त्याच कुर्डीची जांभ्या दगडातली मातृदेवतेची भव्य मूर्ती वेर्ण्याला नेली. (मोगूबाई कुर्डीकरांचे हेच गाव.) श्रीशैलम धरणाच्या वेळी कूडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर आलमपूरला हलवले. जगात सर्वांत गाजलेले काम १९६४ ते १९६८ मधले, नाईलकाठच्या अबू सिंबलचे. ते ६५ मीटर वर नेले. अबू सिंबल ज्या न्यूबिया प्रदेशात आहे, तिथली बुडणारी स्मारके वाचवण्याच्या त्याच मोहिमेत बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय चमूने १९६१-६२ मध्ये आफियेला उत्खनन केले होते.

पद्धत अशी. प्रत्येक थराचे आणि प्रत्येक बाजूचे रेखाटन, आता त्याच्या जोडीला फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती. प्रत्येक दगडावर दिशा, थर आणि अनुक्रम असा क्रमांक, न दिसणाऱ्या बाजूवर. नुसता रंग पावसात जातो, म्हणून धातूची पट्टीही बांधतात. सोडवणूक कळसाकडून पायाकडे. जुने लोखंडी आकडे गंजून फुगलेले असतात आणि दगड फोडतात. नव्या जोडणीत स्टेनलेस स्टील वापरतात. भिंतीच्या दोन कवचांमधला भराव अनेकदा कोणी मोजतच नाही, मग नव्या जागी भिंतीची जाडी जुळत नाही. नव्या पायावर चढवण्याआधी प्रत्येक थर जमिनीवर कोरडा मांडून पाहायचा. आणि मंदिर उचलल्यावर खालची जागा खोदायची, कारण जुन्या देवळाचा पाया त्याखाली असू शकतो.

वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ, वेशीवरचा मारुती यांचे काय?

हे कुठल्याच संरक्षित यादीत नसते, आणि म्हणून सगळ्यात आधी हरवते. ग्रामस्थ नव्या गावठाणात देव घेऊन जातात, ते त्यांचे आहेत आणि न्यावेतच. फक्त उचलण्याआधी जागा, तोंडाची दिशा, जमिनीत गाडलेला भाग यांची नोंद आणि लेख असेल तर ठसा घ्यायचा. गधेगाळ म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप कोरलेली शिळा; तिच्यावरचे बरेच लेख गाडलेल्या भागात निघतात. शिळा जेसीबीच्या बकेटने उचलू नका; पट्टा आणि चेनपुली वापरा. बारव हलवता येत नाही, तिचे पूर्ण मापन करा. मशीद, दर्गा, कबरस्तान यांच्या नोंदीला हाच नियम.

परवानगी कोणाची लागते?

उत्खननाला, मग ते दोन चौरस मीटरचे का असेना, १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा परवाना. राज्य सरकारलाही असंरक्षित जागी खोदण्याआधी केंद्राची मान्यता लागते. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती २०१० च्या दुरुस्तीने १०० मीटर निषिद्ध आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. कालव्याची रेषा आखताना हे विसरले जाते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. मंदिर नोंदणीकृत न्यासाचे असेल तर विश्वस्तांची लेखी संमती आधी घ्यावी.

खोदताना नाणी किंवा सोने सापडले तर ते जमीनमालकाचे का?

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लपवणे गुन्हा आहे. पोकलेनवाल्याला हे काम सुरू होण्याआधी सांगा, सापडल्यावर नाही.

यामुळे धरण थांबेल का?

सहसा नाही. कालवा पन्नास मीटर सरकतो, खाण दुसरीकडे जाते, नव्या गावठाणाची जागा बदलते. ही माहिती अंदाजपत्रकाच्या टप्प्यावर मिळाली तर बदलाला फारसा खर्च नसतो. ठेकेदाराची यंत्रे उभी असताना मिळाली, तर प्रत्येक दिवसाचे भाडे चढते आणि मग पुरातत्त्ववाल्यांकडे सगळे डोळे वटारून पाहतात.

धरण भरून वर्षे झाली. आता काही करता येईल?

हो. दुष्काळी वर्षी मे महिन्यात पाणी सर्वांत खाली असते; पाटबंधारे खात्याची रोजची पातळी पाहून आठवडा ठरवा. उघड्या पट्ट्यात आधी काठाची दरड, मग सपाट भाग पाहा. गाळ वरून वाळलेला आणि आतून दलदल असतो, म्हणून एकट्याने जाऊ नका आणि काठीने चाचपत चाला. वस्तू उचलू नका. ठिकाण, त्या दिवशीची जलपातळी आणि मोजपट्टीसह फोटो संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात द्या. त्याच जागेचे दर काही वर्षांनी त्याच कोनातून फोटो घेतले, तर काठ किती सरकतो आहे ते मोजता येते आणि पुढच्या धरणाची पट्टी किती रुंद धरायची ते ठरवता येते.